प्रवासात सापडलेली खाण्याची ठिकाणं, आणि तो पदार्थ तिथंच का?

घाटमाथा

लहानपणी मे महिन्यात आम्ही कल्याणहून पुण्याला आत्याकडे जायचो. गाडी कर्जतला थांबली रे थांबली की वडील खाली उतरायचे. फलाटावर 'दिवाडकर वडाऽऽ' अशी हाक चाललेली असायची. आई खिडकीच्या गजाला धरून म्हणत राहायची, "अहो, या आता, सुटेल गाडी." वडील मात्र निवांत सुटे पैसे मोजून, वरून तळलेल्या मिरच्या मागून घेऊन, कागदातून तेल झिरपत असलेले वडे हातात धरून यायचे. मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागल्याचा धक्का बसल्याशिवाय गाडी हलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला हे कारण मोठेपणी कळलं. बोरघाटात चढ १:३७ चा आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, आणि ती लागतात कर्जतला. त्या थांब्यानं कर्जतचा वडा मोठा केला. आता वंदे भारतला बँकर लागत नाही. त्या गाडीतून गेलो तेव्हा कर्जत मागं पडताना पोटात काहीतरी हललं.

तेव्हापासून प्रवासात कुठं काही आवडलं की मी विचारतो, हे इथंच का? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, आणि त्यानं चव वाढते. तर आपापली ठिकाणं लिहा. एकच विनंती, जिथं तुम्ही किमान दोनदा गेला आहात तीच लिहा. यादी नको. काय खायचं, कधी जायचं आणि ते तिथंच का, एवढं सांगा.

सोनटक्का

मस्त धागा. माझं ठिकाण बडोद्याचं, महाकाली सेव-उसळ, कीर्तिस्तंभाजवळ. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षं बडोद्यात होतो आणि अजूनही वर्षातून एकदा तरी जातो.

वाटाण्याची उसळ, वर कांदा, कांद्याची पात, कुरकुरीत शेव आणि पाव. तिखट रस्सा वेगळा मिळतो, आपल्याला हवा तेवढा ओतून घ्यायचा. त्या रस्स्याला तिथले गुजराती लोक काय म्हणतात माहितीये? 'तरी'. पहिल्यांदा शेजारच्या टेबलावरच्या काकांनी "थोडी तरी आपजो" म्हटलं तेव्हा मी चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिले. आपली तर्री!

कारण उघड आहे. अठराव्या शतकापासून ते संस्थान विलीन होईपर्यंत तिथं गायकवाडांचं राज्य होतं. दांडिया बाजारात आजही मराठी घरं आहेत, कानावर मराठी पडतं. आमच्या वाड्यातल्या आजी ठामपणे सांगायच्या की सेव-उसळ ही मराठी स्वयंपाकघरातूनच बाहेर पडली. फरसाण गुजरातचं, उसळ आपली, असं ते लग्न आहे.

ऑरेंजसिटी

तर्रीचा विषय निघाला आणि नागपूरला कोणी बोलावलं नाही, हे काही बरोबर नाही बाप्पा. सकाळी सातला टपरीवर जा. पोहे, त्यावर काळ्या चण्याची तर्री, वर कांदा. थंडीत नाकातून पाणी येईस्तोवर खायचं. मी ठिकाणाचं नाव देत नाही, कारण प्रत्येक नागपूरकराची टपरी ठरलेली असते आणि ती बदलत नसते.

सावजीचं मात्र 'तिथंच का' सांगतो. हे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं जेवण आहे. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांच्या घरातला हा मसाला. पुढे या घरांनी खानावळी काढल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेलाचा थर बघून घाबरू नये, पण लहान मुलांना देऊ नये.

एसटीची खिडकी

माझे वडील एसटीत चालक होते, तीस वर्षं. त्यामुळे थोडं वेगळं लिहिते.

'ट्रकवाले थांबतात तिथं जेवण चांगलं' असं सगळे सांगतात. बाबा म्हणायचे की हे अर्धंच खरं आहे. ट्रकवाला आधी बघतो गाडी लावायला जागा आहे का, अंगावर घ्यायला पाणी आहे का, घटकाभर पाठ टेकायला बाज आहे का. जेवण त्याच्या नंतर. चांगलं जेवण ओळखायची बाबांची खूण वेगळी होती. गावातले लोक हातात डबा घेऊन पार्सल न्यायला येतात का ते बघायचं. ज्याला घरी चूल आहे तो माणूस जिथून विकत नेतो, तिथं बिनधास्त बसायचं.

या खुणेनं मला सापडलेलं ठिकाण म्हणजे सावंतवाडीची भालेकर खानावळ. मटण, वडे, सोलकढी. आजवर तीनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा दारात दोन माणसं स्टीलचे डबे घेऊन उभी होती. मी मनातल्या मनात बाबांना नमस्कार केला आणि आत शिरले.

याउलट, मुंबई-गोवा रस्त्यावर बस जिथं थांबायची तिथलं जेवण आठवलं तरी अजून राग येतो. पाणचट आमटी, दुप्पट दर, आणि दुसरीकडे जायला वेळ नाही. ठिकाणाचं नाव घेत नाही. प्रवासी अडकलेला असला की स्वयंपाक बिघडतो, हे मी तिथं शिकले. कर्जतला प्रवासी अडकलेलेच होते, तरीही वडा चांगला राहिला, याचं म्हणूनच मला कौतुक वाटतं.

घाटमाथा

@एसटीची खिडकी, ताई, डब्याची खूण सोन्यासारखी आहे. आजपासून मीही वापरणार.

हर्णैकर

कोकणाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जून-जुलैत कोकणात येऊन ताजी सुरमई, ताजं पापलेट मागू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं. त्या दिवसांत कोणी 'ताजी सुरमई' लिहिलेली पाटी लावली असेल तर ती बर्फातली आहे. एका रिसॉर्टमध्ये माझ्या पुण्याच्या पाहुण्यांना सुरमई म्हणून चक्क बासा खायला घातला. तुकड्याला काटा नाही, कातडी नाही, चव नाही. मी शेजारी बसलो होतो, मान खाली घालावीशी वाटली. आमच्या किनाऱ्यावर हे व्हावं?

पावसाळ्यात आलात तर खाडीचं मागा, सुकं मागा. सोड्याची खिचडी, सुकट घालून वांगं, अंबाडीचं सार. हे आमचं पावसाळ्यातलं खरं जेवण.

आणि मासेच खायचे असतील तर थंडीत हर्णै बंदरावर संध्याकाळी या. बोटी आत लागतात, माल किनाऱ्यावर येतो, वाळूवरच टोपल्या मांडून लिलाव सुरू होतो. सकाळीही होतो, पण संध्याकाळचा बघण्यासारखा. तिथं मासा घ्यायचा आणि गावातल्या घरगुती खानावळीत नेऊन द्यायचा. मी ज्या काकूंकडे नेतो त्यांचं घर बंदरापासून दहा मिनिटांवर. बाहेर पाटी नाही, त्यामुळे नाव देत नाही. गेल्या खेपेला बांगडे नेले. काकूंनी ते हातात घेऊन आधी कल्ला उचलून बघितला, लाल दिसल्यावर मान डोलावली. मग पाट्यावर ओलं खोबरं आणि मिरच्या वाटायला बसल्या. तिरफळं मात्र वाटणात घातली नाहीत. ओल्या तिरफळांचा घोस नुसता ठेचला, आतल्या काळ्या बिया नखानं काढून टाकल्या आणि सालं कढत्या कालवणात सोडली. म्हणाल्या, "बांगड्याला तिरफळ हवंच, नाहीतर वास राहतो. पापलेटाला घातलंस तर मात्र मी उठून जाईन." दुसऱ्या चुलीवर केळीच्या पानावर पाण्याचा हात लावून वडे थापणं चाललं होतं. तेलात पडलेला वडा टम्म फुगला की झाऱ्यानं हलकेच दाबायचा आणि उलटायचा, दुसऱ्यांदा उलटायचा नाही.

जेवून उठलो तेव्हा ओठ झिणझिणत होते. तिरफळाचं ते खास.

मालवणी खाजा

@हर्णैकर, अगदी मनातलं लिहिलंत. मालवणात आलात तर 'चैतन्य' किंवा 'अतिथी बांबू'. मासळीबंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमा होऊन गेली की या. तिसऱ्यांचं सुकं विसरू नका.

फिल्टर

बंगळुरात सोळा वर्षं काढली, त्यामुळे मराठी पाहुण्यांना फिरवणं हे माझं ठरलेलं काम आहे.

शंकरपुरातला ब्राह्मिन्स कॉफी बार, १९६५ पासूनचा. पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: इडली, वडा, खाराभात, केसरीभात, कॉफी, चहा. सांबार नाही! फक्त चटणी. इडलीवर ओतलेली चटणी संपली की बशी घेऊन पुन्हा जायचं, पुन्हा वाढतात, कितीही वेळा. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या घासाला "सांबार कुठंय?" विचारलं आणि तिसऱ्या इडलीला काहीच विचारलं नाही. उभ्यानंच खायचं आहे, हे वयस्कर मंडळींना आधी सांगून ठेवा.

गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं. डोसा जाडसर, बाहेरून लालबुंद कुरकुरीत, आतून मऊ. वाढपी एका हातावर बशांची चळत रचून आणतात. शुक्रवारी बंद असतं, मी दोनदा पाहुण्यांना घेऊन जाऊन परत आलोय.

'तिथंच का'चं सगळ्यात चांगलं उत्तर एमटीआरकडे आहे. १९२४ ची ही संस्था. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली करून बघितली आणि रवा इडली जन्मली, असं ते सांगतात. आपण घरी पाहुणे आले की झटपट म्हणून करतो ती रवा इडली टंचाईची लेक आहे. माझी आजी महागाईच्या दिवसांत भाताऐवजी वरीचे तांदूळ शिजवायची, ते आठवतं.

सायसाखर

धागा वाचतेय आणि धीर करून एक प्रश्न विचारतेय. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते कोल्हापुरात शिकायला होते आणि दोन वर्षं तालमीत जात होते. डिसेंबरात त्यांना कोल्हापूर दाखवायचंय. दात नाहीत, तिखट चालत नाही, मध्यंतरी मोठं आजारपण झालंय. अशा माणसाला कोल्हापुरात काय खायला घालू? मला फक्त मिसळच माहीत आहे.

तांबडा पांढरा

ताई, आधी त्यांना खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराजांनी बांधलेलं. तिथं उभं राहिल्यावर ते आपोआप बोलायला लागतील.

जेवायला पद्मा गेस्ट हाउस. पांढरा रस्सा मागा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ. तो तिखट नसतो, दातांचं काम नाही. भाताबरोबर कालवून द्या. तांबडा तुम्ही घ्या.

मिसळ त्यांना नको. तुम्हाला हवी असेल तर उद्यमनगरात फडतरे. मिसळीबरोबर कोल्हापुरात पाव मिळत नाही, स्लाइस ब्रेड मिळतो, आणि तोच बरोबर आहे. ब्रेड कट (मिसळीचा तिखट रस्सा) पितो, पाव नुसता भिजतो. (पुण्याच्या मंडळींनी इथं वाद घालू नये, वेगळा धागा काढावा.)

आणि संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या. म्हशी समोर उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. हे तिथंच का, ते तुमच्या वडिलांनाच विचारा. शेजारी गंगावेस तालीम आहे. पैलवानांचं गाव आहे हे, इथं दुधाला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

स्टेथो

मध्येच बोलतो, माफ करा. मी डॉक्टर आहे. आजारपणातून उठलेल्या ७८ वर्षांच्या माणसाला कच्चं दूध देऊ नका. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय असे आजार होऊ शकतात. धट्टाकट्टा माणूसही त्यातून सुटतोच असं नाही. कट्ट्यावर जरूर न्या, पण दूध उकळूनच द्या.

तांबडा पांढरा

डॉक्टरसाहेब, लहानपणापासून पितोय, पण तुमचं म्हणणं मान्य. वय आणि आजारपण आहे तिथं हट्ट नको.

सराफा

इंदूरचं नाव अजून कोणी घेतलं नाही? मी जन्मानं तिथला, आता ठाण्यात. होळकरांच्या गावात सकाळ पोह्या-जिलबीनं होते. पोहे परतत नाहीत, वाफेवर ठेवतात, म्हणून मऊ राहतात. त्यात बडीशेप, वर शेव आणि जिरावन. बरोबर गरम जिलबी, एक घास हिचा, एक घास त्याचा.

रात्री सराफा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. जुनी माणसं सांगतात की सराफांनीच हे वाढू दिलं, कारण रात्रभर वर्दळ राहिली की दुकानांची आपसूक राखण होते. भुट्टे का किस (किसलेला मका दुधात शिजवलेला), जोशींचा दहीवडा, आणि थंडीत गराडू. गराडू म्हणजे एक कंद, तळून त्यावर मसाला आणि लिंबू. हा फक्त थंडीतच. साबुदाण्याची खिचडीही खा, पण ती आपल्यासारखी नसते, वर शेव आणि मसाला असतो. माझ्या आईला ते कधीच पटलं नाही. उपासाच्या पदार्थावर शेव म्हणजे तिच्या दृष्टीनं अधर्म.

सोनटक्का

@सराफा, तुमच्या आईंच्या बाजूनं माझं एक मत.

दवबिंदू

थंडीचा विषय निघालाय तर उदवाडा. मुंबईहून गुजरातकडे जाताना. पारशांचा इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथं आहे. त्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना जाता येत नाही, पण गावातून फिरता येतं आणि जेवता येतं. भाविक राहायला येतात, म्हणून धर्मशाळा आणि जुनी हॉटेलं उभी राहिली, म्हणून घरगुती पारशी जेवण टिकलं. आधी फोन करून सांगावं लागतं. तळलेला बोई मासा आणि लगननुं कस्टर्ड.

पण मी जाते ते पहाटेच्या 'दूधना पफ'साठी. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस पेल्यात भरतात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, मागं वेलचीचा वास राहतो. ऊन वर आलं की संपलं. नंतर काशीला गेले, तर ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी मोहल्ल्यातून बाहेर पडताना मातीच्या कुल्हडात केशरी फेस दिसला, मलइयो. तेच दव, तोच फेस. लखनौला तीच मक्खन मलाई आणि दिल्लीत दौलत की चाट. इतक्या लांबच्या गावांना थंडीनं एकच गोष्ट शिकवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कावेरीकाठ

तंजावरला मोडी कागदपत्रांच्या कामासाठी दोनदा राहिलोय. बृहदीश्वराच्या भिंतीवर तंजावरच्या मराठा राजांनी, सरफोजीराजांनी, कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे, १८०३ चा. तमिळ देशी, चोळांच्या देवळात, भिंतभर मराठी वाचताना अंगावर काटा येतो.

सांबाराला संभाजीराजांचं नाव पडलं ही गोष्ट तिथं प्रत्येक जण सांगतो. आमसुलं नव्हती म्हणून चिंच घातली, वगैरे. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. इतिहास म्हणून पुढे ढकलू नये, ही हात जोडून विनंती.

खाण्यासाठी कुंभकोणम गाठा, चाळीसेक किलोमीटर. कुंभेश्वराच्या देवळाजवळ मंगळांबिका विलास आहे, तिथली पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी. 'डिग्री' म्हणजे दुधात पाणी नाही हे मापून बघितलेलं, असा अर्थ सांगतात. आणि एखाद्या मेसमध्ये रविवारी इडलीबरोबर 'कडप्पा' मिळाला तर सोडू नका: मूगडाळ, बटाटा, नारळ, खसखस, बडीशेप. मला तर मूगडाळीची आमटी आणि बटाट्याचा रस्सा एका वाटीत भेटल्यासारखं वाटलं.

हीथ्रो

परदेशातलं चालेल ना? लंडनला उतरल्यावर माझं पहिलं ठिकाण हाउन्सलोचं श्रीकृष्ण वडापाव. मुंबईतल्या दोन कॉलेजमित्रांनी २०१० मध्ये सुरू केलेलं. तिथंच का? कारण विमानतळाजवळची ही भारतीय वस्ती. उतरलेला माणूस बॅगेसकट येतो. मी आलो तेव्हा बाहेर चार अंश होतं, हातमोजा काढून वडापाव धरला. लाल चटणीचा लसूण नाकात गेला आणि डोळे भरून आले. आईला फोन लावला, बोलता आलं नाही.

घाटमाथा

एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. @सायसाखर, तुमच्या कोल्हापूरचं काय झालं?

सायसाखर

उशिरा लिहितेय. कालच परतलो.

खासबागेत बाबा वीस मिनिटं बोलत होते. कुठं बसायचे, कोणाची कुस्ती बघितली, सगळं. पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या घेतल्या, आजारपणानंतर इतकं जेवण पहिल्यांदाच. नर्स आणि मी एकमेकींकडे बघत होतो.

संध्याकाळी गंगावेशीत गेलो. @स्टेथो यांचं ऐकून मी किटली बरोबर नेली होती. बाबांनी पेला हातात घेतला, फेसाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी "नाही" म्हटलं. त्यांनी तो पेला म्हशीवाल्या मामांना परत दिला, "वयात असतो तर दोन प्यालो असतो" म्हणाले. मामांनी विचारलं, कुठल्या तालमीचे? बाबांनी सांगितलं. मग मामांनी लिटरभर दूध किटलीत ओतलं आणि वरती पावशेर मोकळं घातलं, पैसे लिटरचेच घेतले.

लॉजच्या स्वयंपाकघरात ते उकळून घेतलं. बाबांनी आधी साय बोटानं काढून खाल्ली, मग दूध प्यायले. साखर नको म्हणाले.